लॉरेन्स रस्त्यावरची पश्चिमेची बस

पॉपलर फोर्क, केंटकी
१० जानेवारी १९५४

व्हर्डी,

माझं अक्षर पाहून तू दचकशील. तुझा भाऊ बर्ली गेला तेव्हा तुझं कार्ड आलं होतं, त्याला मी उत्तर दिलं नव्हतं. आज लिहितेय, कारण दुसरं कुणी विचारायला नाही.

एस्टिलचं ऑक्टोबरपासून पत्र नाही. शिकागोला गेल्यापासून दोन वर्षं दर पंधरवड्याला त्याचं पत्र यायचं. मोठं नसायचं, पण यायचं. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं होतं की तुझ्या इमारतीतली तळघराची खोली सोडून दुसरीकडे राहायला जातोय. कुठे, ते लिहिलं नाही. मी तुझ्याच पत्त्यावर त्याला चार पत्रं टाकली. एकही परत आलं नाही. म्हणजे ती कुणीतरी घेतंय.

आइसी म्हणते, "आई, त्याला एखादी मुलगी भेटली असेल." भेटू दे की. मुलगी भेटली म्हणून कुणाचा हात मोडत नाही.

तू त्याची सख्खी आत्या. तुझं-माझं जे काही असेल ते बाजूला ठेव आणि तो कुठे आहे तेवढं सांग.

झेला

•

शिकागो
१९ जानेवारी १९५४

झेलावहिनी,

तुझं पत्र आलं. जिन्यावर बसून दोनदा वाचलं. खोलीत येईपर्यंतसुद्धा धीर नव्हता.

एस्टिल ठीक आहे. ओतकामाच्या कारखान्यातलं काम त्याने सोडलं. आता तो शहराच्या वायव्येला लांब असतो, तिथेच राहायची सोय आहे. पत्र लिहायचा त्याला मुळातच कंटाळा, तुला काय सांगायचं! मी त्याला बोलेन.

इथे थंडी अशी पडलीय की शहराला लागून असलेल्या मोठ्या तळ्यावरून येणारा वारा माणसाला नाक्यावर उभं राहू देत नाही. काल माझ्यासमोर एका बाईची टोपी उडाली आणि ती पकडायला तीन माणसं धावली. पाइप गोठलेत. आमच्या इमारतीत एकच न्हाणीघर, त्यात सहा बिऱ्हाडं, सगळी आपल्याच डोंगरातली. कुणी पेरीचं, कुणी हॅझर्डचं. रात्री भिंतीतून गाणी ऐकू येतात. तू एखादवेळी इकडे यायचं मनात आणशील म्हणून सांगते, हा काळ काही यायचा नव्हे. मे महिन्यात बघू.

आइसीला शाळा मिळाली ऐकलं. एकोणीस वर्षांची मास्तरीण! बर्ली असता तर छाती फुगवून फिरला असता.

तुझी
व्हर्डी

•

पॉपलर फोर्क
२७ जानेवारी १९५४

व्हर्डी,

मी मुलाचं विचारलं आणि तू मला वाऱ्याचं सांगितलंस.

"ठीक आहे" हा शब्द माझी नोला आजारी होती तेव्हा पण तू वापरायचीस. रस्त्यात कुणी विचारलं तर. मी विसरलेले नाही.

मी येतेय. गाय आइसी बघेल. मी लेक्सिंग्टनच्या पलीकडे जन्मात गेलेले नाही, त्यामुळे मला सगळं नीट लिहून पाठव. गाडी कुठे बदलायची. उतरल्यावर कोणत्या बाजूला वळायचं. बाईमाणसाने कुठे बसलं तर चालतं. माझं बोलणं तिथल्या लोकांना समजेल का. आणि एस्टिलच्या जागी कसं जायचं तेही लिही. तू कामावर असलीस तर मी एकटी जाईन.

कारणं लिहू नकोस. रस्ता लिही.

झेला

•

शिकागो
६ फेब्रुवारी १९५४

झेलावहिनी,

तुझ्यापुढे माझं कधी चाललं नाही. ये. पण येणारच असशील तर हा महिना संपायच्या आत ये. का ते आल्यावर बोलू.

आता नीट वाच, आणि हा कागद पिशवीत नको, झग्याच्या आत ठेव.

जॅक्सनहून सकाळची बस धर. लेक्सिंग्टनला बदल, सिनसिनाटीला बदल. सिनसिनाटीला चालकाला तोंडाने विचार, "शिकागो?" पाटीवर जाऊ नकोस, पाट्या घाईत लावतात. पुढे रात्रभराचा प्रवास. चालकाच्या मागची जागा बघ. शेजारी फार गोड बोलणारं कुणी बसलं तर झोपेचं सोंग घे. खाणं बरोबर आण. मधल्या थांब्यांवरची कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी.

इथलं बसस्थानक जमिनीखाली आहे, घाबरू नकोस. सरकत्या जिन्याने वर येशील. मधोमध उभी राहा, कठड्याला धर, पाय आपोआप वर जातात. वर मोठं घड्याळ आहे, त्याखाली मी असेन. नसले तर तिथेच अर्धा तास थांब. कुणी म्हणालं, "मावशी, पिशवी धरतो," तर दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धर आणि काही बोलू नकोस. बोललीस की तू नवीन आहेस ते कळतं. कुणी "डोंगरी" म्हणून हसलं तर हसू दे. मला सोळा वर्षं हसताहेत, माझं काही झडलं नाही.

दिशा चुकलीस तर एकच लक्षात ठेव: तळं पूर्वेला. कुणालाही विचार, तळं कुठे, सगळे सांगतात. रस्ते सरळ आहेत, आपल्या खोऱ्यातल्यासारखे ओढ्याबरोबर वळत नाहीत.

आमच्याकडे येणारी गाडी जमिनीखालून निघते आणि मग वर येऊन खांबांवरून धावते. तिच्या कपाळावर "हॉवर्ड" लिहिलेलं असलं पाहिजे. दुसरं काही असलं तर चढू नकोस, ती दक्षिणेला जाते. विल्सन स्टेशनला उतर. खाली दुकानांची रांग आहे. न्हाव्याच्या दुकानावरचा तिसरा मजला आमचा.

आता एस्टिलचं. गुरुवारी आणि रविवारी दोन ते चार त्याला भेटता येतं. मी नसले तर लॉरेन्स स्टेशनपासून लॉरेन्स रस्त्यावरची पश्चिमेची बस घे. पुलास्कीच्या नाक्यावर उतर. तिथे उत्तरेकडे जाणारी बस मिळेल. लांबलचक कुंपण लागलं की चालकाला सांग, तो थांबवतो. फाटकावर त्याचं नाव सांग.

लोकरीचे दोन पायमोजे एकावर एक घाल. पुरुषी बूट असले तरी चालतील, इथे कुणी कुणाच्या पायांकडे बघत नाही.

तुझी
व्हर्डी

•

पॉपलर फोर्क
१३ फेब्रुवारी १९५४

व्हर्डी,

तुझं पत्र घेऊन मी क्लीटसच्या दुकानात गेले. तुला आठवत असेल, आपल्या पोस्टाचं कामही तोच बघतो. तो पाच वर्षं शिकागोला कत्तलखान्यात होता. म्हटलं, त्याला रस्ता वाचून दाखवावा, काही राहिलं असेल तर तो सांगेल.

जिन्याचं ऐकून तो हसला. हॉवर्डचं ऐकून म्हणाला, "बरोबर." मग मी एस्टिलच्या जागेचं वाचलं तेव्हा त्याने हातातला सुरा खाली ठेवला.

"परत वाच," म्हणाला.

मी परत वाचलं.

"गुरुवार आणि रविवार. दोन ते चार."

"हो. कामातून तेवढाच सुटत असेल."

"झेला," तो म्हणाला, "कारखान्यात भेटीच्या वेळा नसतात."

मग त्याने मला दुकानामागच्या खोलीत नेऊन बसवलं आणि सांगितलं. तिथे कुंपणाच्या आत झाडं आहेत. लांब व्हरांडे आहेत. भर थंडीत त्या व्हरांड्यांत खाटा टाकून माणसं निजवलेली असतात. क्षयाचं इस्पितळ आहे ते, व्हर्डी. तू मला माझ्या मुलाकडे जायचा रस्ता दिलास आणि तो कुठे आहे ते सांगितलं नाहीस.

क्लीटस म्हणाला, "हे या खोलीबाहेर जाणार नाही." जाणार नाही, मला खात्री आहे. घरी चालत आले. आइसीला अजून सांगितलेलं नाही.

अठरा वर्षांपूर्वी माझी नोला त्याच रोगाने चौदाव्या वर्षी गेली. सगळं खोरं आमच्या दारावरून लांबून जायचं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण तू कुंपणापाशी टोपली ठेवायचीस आणि तिथूनच परत जायचीस. पोर खिडकीतून हाक मारायची, "व्हर्डीआत्या, आत ये ना." तू हात हलवायचीस. शेवटी मातीलासुद्धा आली नाहीस. दोन वर्षांनी शहरात निघून गेलीस.

आता माझं दुसरं मूल त्याच खाटेवर आहे आणि तू अजून कुंपणाबाहेरच उभी आहेस. निदान आता तरी तोंड उघड. तो जिवंत आहे का?

झेला

•

शिकागो
१८ फेब्रुवारी १९५४

वहिनी,

जिवंत आहे. आजच त्याला भेटून आले. गुरुवार होता. अर्धं संत्रं खाल्लं आणि उरलेलं मला दिलं.

सगळं सांगते. उन्हाळ्यापासून तो खोकत होता. म्हणायचा, ओतकामाची धूळ आहे, सगळेच खोकतात. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी मी न्हाणीघरात गेले तर तो बेसिन धूत होता. नळ पूर्ण सोडलेला, आणि तरी पाणी लाल. माझ्याकडे बघून म्हणाला, "आत्या, दार लाव."

नाक्यावर फुकट फोटो काढायची मोटार येते, छातीचा. मीच त्याला धरून नेलं. दहा दिवसांत त्यांनी त्याला आत घेतलं.

त्याने मला शपथ घातली. म्हणाला, "आईला कळलं तर खोऱ्याला कळेल, आणि खोऱ्याला कळलं तर आइसीकडे कोण पोरं पाठवेल? तिची शाळा जाईल." मी म्हटलं, पत्र तरी लिही, खोटं लिही. तर म्हणाला, "नोलाच्या वह्या आईने अंगणात जाळल्या होत्या, मला आठवतं. मी सहा वर्षांचा होतो. माझा कागद घरात गेला आणि आइसीने हातात घेतला तर?" डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. ऐकत नाही. पत्रं लिहितो आणि गादीखाली ठेवतो. तुझी चारही पत्रं त्याच्याजवळ आहेत. मीच नेऊन दिली.

तीन मार्चला त्याची छाती उघडणार आहेत. डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढून टाकायचा. डॉक्टर म्हणतात, तरुण आहे, नवी औषधं लागू पडताहेत. पण टेबलावर काय होईल याची हमी देत नाहीत. एस्टिल म्हणतो, "झाल्यावर आईला सांगू." आणि नाहीच झालं तर? तेव्हा मी तुला काय लिहू? शपथ सांगायची नाही अशी होती, वहिनी. रस्ता लिहायचा नाही अशी नव्हती.

नोलाचं तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मला त्यात खोडायला काही नाही. मी भीत होते. तेव्हा माझ्या पोटात मूल होतं, जे पुढे राहिलं नाही, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण मूल नसतं तरी मी आत आले असते असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

एस्टिलला भेटायला पहिल्यांदा गेले तेव्हा त्या वॉर्डच्या दारातच उभी राहिले. समोर घड्याळ होतं. बावीस मिनिटं. मग एक परिचारिका म्हणाली, "बाई, आत तरी या किंवा वाट तरी सोडा." तेव्हा गेले. त्यानंतर एकही गुरुवार किंवा रविवार चुकवलेला नाही.

ये. लगेच ये.

व्हर्डी

•

पॉपलर फोर्क
२१ फेब्रुवारी १९५४

व्हर्डी,

बुधवारी निघते. गुरुवारी सकाळी सातला पोचायला हवं. आइसीला सांगितलं. रडली नाही, माझे बूट तेल लावून ठेवले.

एस्टिलला मी येतेय ते सांगू नकोस. सांगितलंस तर तो विचार करत बसेल.

तुझ्या पोटातल्या मुलाचं मला माहीत नव्हतं.

झेला

•

पॉपलर फोर्क
१२ एप्रिल १९५४

व्हर्डी,

सुखरूप पोचले. गाईने आइसीला दोनदा लाथ मारली, बाकी सगळं जागेवर आहे.

आपण सहा आठवडे एका खोलीत राहिलो आणि कामापुरतंच बोललो. तू संध्याकाळी कामावर जायचीस, परत यायचीस तोवर मी निजलेली. पण निजलेली नसायचे. तू अंधारात बूट काढायचीस, माझ्या अंगावरचं पांघरूण सारखं करायचीस, ते कळायचं. तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोलले. म्हणून लिहिते.

पहिल्या दिवसाचं तू सारखं विचारायचीस आणि मी "सापडला रस्ता" म्हणून मोकळी व्हायचे. नव्हता सापडला. इंडियानात बर्फ होतं, बस सहा तास उशिरा आली. तू घड्याळाखाली एकपर्यंत थांबलीस आणि त्या दिवशी पाळी लवकरची म्हणून कामावर गेलीस, ते नंतर कळलं. मी तिथे अर्धा तास उभी राहिले, तू लिहिलं होतंस तसं. मग खाली उतरून गाडीत बसले. कपाळावरची पाटी वाचली होती, पण ती पलीकडच्या गाडीची. दक्षिणेला निघाले.

बऱ्याच वेळाने लक्षात आलं की डब्यात मी सोडून सगळी माणसं काळी आहेत. तू लिहिल्याप्रमाणे पिशवी पोटाशी धरली आणि गप्प बसले. समोर निळी टोपी घातलेली एक बाई होती. ती म्हणाली, "बाई, पिशवी कुणी नेत नाही, पण तुम्हाला जायचंय कुठे?" मी कागद काढून तिच्या हातात दिला. तिने कागद शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही उठून लांब बसणार.

"कोण आहे तुमचं तिथे?"

"मुलगा."

"माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "वॉर्ड सहा. मी आज उशिरा निघाले म्हणून स्वतःला शिव्या देत होते, आणि गाडीही उलटीच पकडली. चला, उतरा. दोघी मिळून चुकलोय."

तिचं नाव ओडेसा प्रूइट. धुलाईच्या कारखान्यात इस्त्री करते. सबंध वाटभर ती माझ्या कोपराला धरून होती. पुलास्कीहून उत्तरेकडे जाणाऱ्या बसमध्ये तिने चालकाला कुंपणाशी थांबवायला सांगितलं, तर क्षयाच्या भीतीने त्याने आमच्या हातातले पैसे घेतले नाहीत, डब्यात टाका म्हणाला. ओडेसा म्हणाली, "दर वेळी असंच. सवय होते." मला सवय झाली नाही.

फाटकाशी पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते.

एस्टिल व्हरांड्यात होता. मी ओळखला नाही, व्हर्डी. पुढे गेले, मग मागे आले. कानांवरून ओळखला, बर्लीचे कान. त्याने मला बघितलं आणि पांघरूण तोंडावर ओढलं. आतून म्हणाला, "इतक्या जवळ नको, आई."

मी म्हटलं, "दोन दिवस बसमध्ये बसून आलेय. आता उभी राहू होय?" आणि खाटेवरच बसले. खाटेवर बसायचं नसतं हे मला नंतर सांगितलं.

"आत्याने सांगितलं," तो म्हणाला.

"आत्याने फक्त रस्ता लिहिला. तिने शपथ मोडलेली नाही."

त्याने पांघरूण नाकापर्यंत खाली ओढलं. मग विचारलं, "गाय कुणाकडे आहे?" मी म्हटलं, "आइसीकडे." "ती लाथ मारेल तिला." आणि मग तो हसला, आणि हसता हसता खोकला, आणि परिचारिका भेट संपल्याची घंटा वाजवत आली.

गादीखालची पत्रं त्याने मला तीन मार्चच्या आदल्या दिवशी दिली. सोळा होती. म्हणाला, "मी बाहेर आलो तर परत दे." छाती उघडली होती ते साडेचार तास तू आणि मी त्या बाकावर बसून होतो आणि ती माझ्या मांडीवर होती. तू विचारलंस, हे काय. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला तेव्हा मी ती परत केली. एकही वाचलेलं नाही.

त्या साडेचार तासांत तू तीन वेळा माझा हात धरलास. मी तो काढून घेतला नाही, एवढंच तुला सांगायचं होतं.

झेला

•

शिकागो
२३ मे १९५४

वहिनी,

आधी वाईट सांगते. एप्रिलअखेर त्याला परत ताप भरला. जखमेत पाणी झालं होतं. दहा दिवस मला आत सोडलं नाही, काचेतूनच बघायचे. तुला कळवलं नाही. ओरड माझ्यावर. कागद काढायचे, "झेलावहिनी" लिहायचे, आणि पुढे काय लिहावं ते कळायचं नाही. तू दुसऱ्याच दिवशी निघून आली असतीस, आणि आइसीचं शाळेचं वर्ष संपायचं होतं.

आता चांगलं. ताप उतरला. मागच्या तीनही तपासण्यांत थुंकीत काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणतात, असंच राहिलं तर सप्टेंबरात घरी. वजन वाढलंय, दाढी करायला कटकट करतो, म्हणजे बरा आहे. ओडेसाबाईंचा भाऊ मात्र गेला. मागच्या रविवारी त्याचं सामान न्यायला आल्या होत्या. एस्टिलच्या खाटेपाशी आल्या आणि त्याला म्हणाल्या, "तू नीट जेव." एवढंच. तुला निरोप सांगितलाय.

मीही मध्यंतरी त्या मोटारीत जाऊन फोटो काढला. डॉक्टर ऑक्टोबरपासून सांगत होते आणि मी टाळत होते. माझी छाती स्वच्छ निघाली. निकालाचं कार्ड वाचलं आणि जिन्यातच रडले.

सप्टेंबरात घरी म्हणजे तुझ्याकडेच. तिथे त्याला लोक काय म्हणतील याच्या काळजीने मला आत्तापासूनच झोप नाही. काय सांगायचं ठरवलंयस? कारखान्यात अपघात झाला म्हणावं का? जखम तर आहेच.

तुझी
व्हर्डी

•

पॉपलर फोर्क
२७ जून १९५४

व्हर्डी,

ताप आलेला कळवला नाहीस म्हणून दोन दिवस मी तुझ्या नावाने आदळआपट केली. आता झाली.

अपघात नाही म्हणायचं. नोलाच्या वेळी आम्ही "नाजूक छाती" म्हणत होतो. लोकांना खरं माहीत होतंच, आणि आम्हाला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. त्या खोट्यामुळे कुणाला आत यायला सांगता येईना आणि कुणाला न येण्याबद्दल बोलता येईना. बर्ली त्यातच मुका झाला.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात प्रार्थना कुणासाठी करायची ती नावं विचारली तेव्हा मी उभी राहिले. बाकाला धरलं. म्हटलं, "माझ्या एस्टिलला क्षय झाला होता. अर्धं फुप्फुस काढलंय. डॉक्टर म्हणतात आता त्याच्यापासून कुणाला धोका नाही. सप्टेंबरात तो घरी येईल. ज्यांना यायचं नसेल त्यांनी येऊ नये, पण कुंपणाशी टोपल्या ठेवू नयेत." शेवटचं वाक्य तोंडातून गेलं. तुला लागेल, पण लपवत नाही.

पाळकाने पुढचं नाव विचारलं. बाहेर आल्यावर क्लीटस सगळ्यांसमोर येऊन माझा हात हातात घेऊन उभा राहिला. त्याची बायको मात्र गाडीतच बसून होती.

शाळेच्या पंचांनी आइसीला बोलावलं. ती जॅक्सनला जाऊन छातीचा फोटो काढून आली आणि तो त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. "उजेडात धरून बघा," म्हणाली. शाळा राहिली. पोरं किती राहतील ते ऑगस्टात कळेल. मला घास गिळवत नाही, पण ती भांडी घासताना गुणगुणत असते.

झेला

•

शिकागो
२९ ऑगस्ट १९५४

वहिनी,

शनिवारी चार तारखेला एस्टिल निघतोय. रविवारी दुपारी जॅक्सनला. बरोबर त्याचे कागद आहेत, औषधाच्या बाटल्या आहेत, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. लाकडं फोडायची नाहीत. दुपारी दोन तास झोपायचं, म्हणजे झोपायचं. अंडी, दूध. दर तीन महिन्यांनी तपासणी. तो म्हणेल, "मला काही झालेलं नाही," तेव्हा ऐकू नकोस.

त्याची ताटली-पेला वेगळा ठेवायची गरज नाही असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. पण तो स्वतःच एक पत्र्याचा पेला घेऊन येतोय. त्यावरून मी त्याच्याशी भांडले, हरले. तू बघ.

मीही येणार होते. शुक्रवारी तिकिटाच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे दोनच माणसं होती. आणि मी बाहेर पडले. त्याला सांगितलं, रजा नाही. तुला खोटं सांगत नाही.

आइसीकडे किती पोरं आली?

व्हर्डी

•

पॉपलर फोर्क
१९ सप्टेंबर १९५४

व्हर्डी,

एकोणीसपैकी अकरा आली. आता तेरा आहेत.

एस्टिल आला तेव्हा बसमधून शेवटी उतरला, सगळ्यांना आधी जाऊ दिलं. माझ्याशी हात मिळवला, जसा परक्याशी मिळवतात. वाटेत म्हणाला, "खोरं लहान झालंय." मग घराच्या चढावर तीनदा थांबला आणि तिन्ही वेळा काहीतरी बघत असल्याचं नाटक केलं. आइसीने आणि मी पण बघितलं. काही नव्हतं तिथे.

तो पत्र्याचा पेला त्याने स्वतः खिळा ठोकून व्हरांड्यात अडकवला. ताटली स्वतः धुवायचा, उकळत्या पाण्याने. जेवायला टेबलाच्या टोकाशी, खुर्ची मागे ओढून. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तो ओसरीवर जाऊन जेवला असता. पहिल्या आठवड्यात क्लीटस सोडून कुणी आलं नाही. रस्त्याने माणसं जाताना दिसली की तो आत जायचा. मला वाटायचं, आणलं कशाला याला? तिथे निदान सगळे त्याच्यासारखे होते. तुला तसं लिहायलाही बसले होते एकदा.

मंगळवारी ऊन होतं. आइसी शाळेतून आली होती, आम्ही तिघं मागच्या अंगणात मका सोलत होतो. गाय सुटली. एस्टिल उठून धावला. धावायचं नव्हतं, माहीत आहे, पण तोवर तो ओढ्यापलीकडे गेला होता. तिला दोरीला धरून परत आणलं, दम लागलेला, चेहरा लाल. आणि सरळ पाण्याच्या बादलीकडे गेला, आमच्या सगळ्यांच्या, त्यातलं ओगराळं उचललं आणि घटाघटा प्यायला. लहानपणी प्यायचा तसा, अर्धं गळ्यावर सांडत.

निम्मं प्यायल्यावर त्याला कळलं. ओगराळं तोंडाशी तसंच राहिलं. त्याने माझ्याकडे बघितलं. इतका घाबरलेला मी त्याला खाटेवरसुद्धा बघितला नव्हता.

मी उठायला गेले, पण आइसी आधी पोचली. तिने त्याच्या हातातून ओगराळं घेतलं, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि ते परत बादलीत सोडलं. तोंड बाहीला पुसलं. "गायीच्या गळ्यातली दोरी बदलायला हवी," म्हणाली.

एस्टिल दोरी आणायला गोठ्यात गेला. मी मक्याचं पुढचं कणीस उचललं.

झेला